भवानीआधी

आमच्या दुकानात आलेलं माणूस तोंड पाडून परत गेलं, असं कधी झालं नाही. हे मी नाही म्हणत, सगळी आळी म्हणते. रेवदंड्याच्या बाजारात आता दोन मोठी दुकानं झालीत, काचेची, आत गारेगार, टोपली घ्या आणि आपलं आपण उचला. आमच्या बायका हौसेने दोनदा जाऊन आल्या. तिसऱ्यांदा माझ्याकडेच. का? तर तिथे कुणी मेलं विचारत नाही की बाई, तू जिवंत आहेस का. मी विचारते. पोराचा ताप उतरला का, सून माहेराहून आली का, जावेशी पुन्हा बोलायला लागलीस का. तूरडाळ जोखता जोखता विचारते, कान देऊन ऐकते आणि पुढच्या खेपेला लक्षात ठेवून पुन्हा विचारते. बाजारातल्या त्या दुकानवाल्याला आमच्या आळीतल्या एकीचं तरी नाव सांगता येईल का, विचारून बघा.

मी नूतन. गणराज स्टोअर्स माझं. म्हणजे सासऱ्यांनी काढलेलं, पण आमचे हे मुंबईला नोकरीला, शनिवारी येतात आणि सोमवारी पहाटे जातात, तेव्हा गेली तीस वर्षं दुकानात मीच. गणराज माझा मुलगा, पनवेलला एका कंपनीत आहे. लहानथोर सगळे मला नूतनवैनी म्हणतात. मी तोंडाने फटकळ आहे, ते मला माहीत आहे. पण फटकळ माणसाकडे लोक बिनधास्त येतात हो. मनात एक आणि ओठावर एक असलं माझ्याकडे नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असते.

गेल्या दिवाळीत एक मुलगी आली, साक्षी नावाची. आळीच्या टोकाला मुंबईवाल्यांनी वाड्या घेऊन बंगले बांधलेत, त्यातल्या एका बंगल्यावर पाहुणी. मोबाइलवर माझा व्हिडिओ काढायला लागली. "काकू, तुमच्या दुकानात इतकं आपलंसं का वाटतं, सांगा ना." मी पदर सारखा केला आणि सांगितलं, पाणी विचारतो, बसायला देतो, नावाने हाक मारतो. तिला सगळ्यात आवडलं ते आमचं बाकडं. दाराबाहेर वळचणीखाली, फणसाच्या लाकडाचं, चार माणसं ऐसपैस बसतील असं. "किती गोड! गिऱ्हाइकांसाठी खास बाकडं!" म्हणत तिने त्याचे दहा फोटो काढले. बाकड्यावर जनी बसली होती, तिचेही काढले. जनी लाजली, तोंडाला पदर लावला. मी नुसती हसले.

ते बाकडं कशासाठी केलंय ते मी त्या मुलीला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक येतं, त्याची भवानी. त्याचा रोख पैसा हातात पडला की मी तो कपाळाला लावते, देवाच्या फोटोला दाखवते आणि गल्ल्यात टाकते. मग दुकान चालू. तोपर्यंत दुकानातून शेंगदाण्याचा दाणासुद्धा बाहेर जायचा नाही. उधार नाही, उसना नाही, फुकट तर नाहीच नाही. सासऱ्यांनी घालून दिलेली रीत आहे आणि आमच्या भागात सगळेच दुकानदार पाळतात. भवानी करणारा हात चांगला लागतो. काही हात असे असतात की सकाळी नुसती काडेपेटी नेली तरी दिवसभर दुकानात उभं राहायला जागा नाही. आणि काही हात तसे नसतात. जनीचा हात तसा नव्हता, किंवा मला तसं वाटायचं.

जनी ही रामचंद्र गुरुजींची धाकटी बहीण. पालीकडे दिली होती. तीन वर्षांत नवरा गेला, पोटी काही नाही. सासरच्यांनी दिवस व्हायच्या आत तिला एस्टीत बसवून दिली. गुरुजींनी स्वतः लग्नच केलं नाही. दोघं भाऊबहीण आळीच्या अगदी शेवटच्या घरात, बंगल्यांच्या पलीकडे. गुरुजींनी इथल्या शाळेत सगळी नोकरी काढली. माझ्या गणराजला पाढे येत नव्हते तर त्याला खाडीवर नेऊन होड्या मोजायला लावल्या या माणसाने. रोज संध्याकाळी बाकड्यावर बसून पेपर मोठ्याने वाचायचे, म्हाताऱ्यांना दिसत नाही म्हणून. कुणाचा अर्ज लिही, कुणाचं पेन्शनचं बघ. देवमाणूस. हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं, आज नव्याने सुचलेलं नाही.

तर निसर्ग वादळाचा दिवस. लॉकडाऊन चालू होता. वादळ येणार, लोक मेणबत्त्या न्यायला धावणार, म्हणून मी सहालाच फळ्या काढल्या. पहिली आली जनी. चार मेणबत्त्या आणि एक काडेपेटी. मी भवानी कपाळाला लावली. दुपारी माझ्या दुकानाचे पत्रे उडाले ते थेट खाडीत. तांदूळ, डाळी, साखर, सगळ्याचा लगदा. मी मागच्या खोलीत पाटाखाली डोकं घालून बसले होते आणि एकच मनात, सकाळी पहिली कोण आली होती.

आता तुम्ही म्हणाल, बाई, त्या दिवशी अख्ख्या किनाऱ्याची छपरं उडाली, मग जनी काय सगळीकडे मेणबत्त्या घ्यायला गेली होती? मला अक्कल नाही असं समजू नका. हे मला तेव्हाही कळत होतं. पण पुढे दुकान नीट करून पुन्हा सुरू केलं आणि सकाळी सकाळी ती पिशवी घेऊन येताना दिसली की माझी नजर आधी पत्र्यांकडे जायची. मी स्वतःला दहा वेळा समजावलं. नजर काही ऐकेना.

शेवटी मी तिला तोंडावर सांगितलं. मागून बोलायची सवय मला नाही. "जने, राग मानू नको हं. भवानी दुसऱ्या कुणाची तरी होऊ दे, मग तू ये. तुला काय मी परकी आहे का?" वाटलं रडेल, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "व्हय वैनी, बरोबर हाय तुमचं. माझ्या ध्यानातच आलं न्हाय." आणि दुसऱ्या दिवसापासून ती दाराच्या बाजूला उभी राहायला लागली. कुणी येऊन भवानी करून जाईपर्यंत, पिशवी पोटाशी धरून, उभी.

ते काही दिसायला बरं दिसेना. येणारी-जाणारी विचारायची, ही अशी का उभी? वादळात आमच्या परसातला फणस पडला होता. सुताराला बोलावून त्याचं बाकडं करून घेतलं. जनीला म्हटलं, "बस हो इथे आरामात." तिचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी केलंत, वैनी?" मी म्हटलं, मग काय तर. खोटं थोडंच होतं? मग बाकडं दिसलं म्हणून म्हातारे बसायला लागले, कोळणी पाट्या उतरवायला लागल्या, शाळेतल्या पोरी लिमलेटच्या गोळ्या खात बसायला लागल्या. बसलेला माणूस काहीतरी घेतोच. दुकान माणसांनी भरलं आणि नूतनवैनीचं दार सगळ्यांना उघडं असं नाव झालं.

सकाळी मात्र त्यावर जनी. आळीत सगळ्यांना माहीत होतं ती का बसते. कुणी कधी चकार शब्द काढला नाही, गुरुजींनीसुद्धा नाही. त्यांना तिने सांगितलं होतं की नाही कोण जाणे. एखादं नवखं माणूस म्हणायचं, "तुम्ही आधी आलात ना, घ्या." तर जनी म्हणायची, "तुमी घ्या. मला घाई न्हाय." पाच वर्षं तिला घाई नव्हती.

गुरुजींना साखरेचा आजार जुना. गेल्या वर्षापासून इन्सुलिनची सुई चालू झाली. गोडाची तर भारी आवड. जनी झोपली की उठून डबा उघडून साखरेचा बकाणा भरायचे, साठी उलटलेला माणूस. शेवटी जनीने घरातली साखर, गूळ सगळा काढून टाकला. स्वतः बिनसाखरेचा चहा प्यायला लागली. मी दुकानात सगळ्यांना सांगायची, बहीण असावी तर अशी. डॉक्टरांनी तिला बजावून ठेवलं होतं, सुईने साखर फार उतरून कधी घाम फुटला, बडबडायला लागले तर आधी चमचाभर साखर तोंडात घाल, मग बाकीचं. हेही तिनेच मला सांगितलं होतं, बाकड्यावर बसून. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

तो दिवस गेल्या चैत्रातला. मंगळवार. माझ्या डोक्यात त्या दिवशी एकच गोष्ट. गणराजचं एकतिसावं सरलेलं, पाच ठिकाणांहून नकार आलेला, आणि नागावची माणसं दुपारी घर बघायला येणार होती. मुलगी नर्स, माणसं बरी. मी पहाटे चारला उठून करंज्या तळल्या. सहाला शटर वर केलं, दार झाडलं, पाणी मारलं, उदबत्ती लावली. देवाला म्हटलं, आजचा दिवस नीट जाऊ दे बाबा, एवढं कर.

आणि समोरून जनी. चालत नाही, जवळजवळ पळत. पायात चप्पल नाही, हातात पिशवी नाही, पदराच्या गाठीत पैसे. "वैनी, साखर द्या. पाव किलो." उंबऱ्यापर्यंत आली आणि तिचा पाय आपसूक थांबला. मी अडवलं नाही हो. मी हातसुद्धा वर केला नाही. ती आपली आपण थांबली.

मी म्हटलं, "भवानी व्हायची आहे गं. बस जरा."

ती बसली. लगेच उठली. "दादाला घाम सुटलाय. कायतरी बडबडतोय. मला आई म्हणून हाक मारली."

"रात्री जेवले का?"

"सुई घेतली आणि दोन घास खाऊन उठला. मासळी न्हवती ना."

"उष्मा आहे गं. मला पण पहाटे घाम आला होता. बस, सिद्धेश येतोच आहे."

सिद्धेशची मिनीडोअर रिक्षा आहे, अलिबागच्या लाइनवर. रोज सव्वासहाला येतो, तंबाखूची पुडी आणि चुना घेतो. त्याचा हात सोन्याचा. महिन्यातले पंचवीस दिवस भवानी त्याचीच. नाहीतर दुधाला येणाऱ्या बायका. पण त्या दिवशी दुधाचा टेम्पो उशिरा येणार म्हणून आदल्या दिवशीच सांगून गेलेला, त्यामुळे बायका घरात. आणि सिद्धेशचा पत्ता नाही.

तुम्ही विचाराल, दुसऱ्या घरी का नाही गेली. कुठे जाईल? तिच्या घरापासून माझ्या दारापर्यंत पाच बंगले, पाचांना कुलूप. शनिवार-रविवारी गाणी लावून धिंगाणा, मंगळवारी चिटपाखरू नाही. जवळचं दार माझंच, आणि त्या दारात मीच तिला, येतोच आहे सिद्धेश, म्हणून बसवलेलं.

सव्वासहा झाले, साडेसहा झाले. ती रस्त्यापर्यंत जायची, बघायची, परत यायची. एकदा घराच्या दिशेने निम्मी वाट गेली आणि मोकळ्या हाताने जाऊन काय करणार म्हणून पुन्हा फिरली. मला तिची दया आली. खरंच आली. मी आत गेले, चहा टाकलेलाच होता, तो कपात ओतून तिला आणून दिला. आमच्याकडे चहा गोडमिट्ट असतो. तिने एक घोट घेतला आणि कपात बघत राहिली.

"वैनी, हा च्याच नेऊ काय दादाला? गोड हाय."

मला हे आज सांगतानासुद्धा ऐकू येतं. आणि मी काय म्हणाले तेही ऐकू येतं. मी म्हणाले, "भवानीआधी काही बाहेर जायला नको गं. आजच्या दिवशी तरी नको. तू पी. गार होईल."

"व्हय," ती म्हणाली. प्यायली मात्र नाही. कप बाकड्यावर ठेवला आणि वर तळहात धरून बसली, गरम राहावा म्हणून.

माझ्या पाठीमागे साखरेचं पोतं उघडं होतं. त्यात माप खोचलेलं. मूठभर साखर, हात मागे केला की झालं. माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण लगेच दुसरं आलं, आज नागावची माणसं येणार, आजच हिचा हात, विधवेचा, नको गं बाई. पाच मिनिटांनी काय होतं? सिद्धेश येईल. पाच मिनिटं, पाच मिनिटं करत मी काउंटर पुसत राहिले. एकच जागा किती वेळा पुसली देव जाणे. आणि हो, मला तिचा रागही आला. आजच कशी हिला साखर लागली? आजच? असलं आलं माझ्या मनात. आलं ते आलं, आता झाकून काय करू.

पावणेसातला सिद्धेशची मिनीडोअर आली. "वैनी, टायर बसला होता, आयचा घो त्याच्या." मग त्याचं लक्ष गेलं. "जनाआत्या, कधीपास्नं बसलीस गं?"

"आत्ताच आले," जनी म्हणाली.

मी पुडी दिली, त्याचा पैसा कपाळाला लावला, फोटोला दाखवला, गल्ल्यात टाकला. मग साखर. पाव किलो मागितली होती, मी अर्धा किलो दिली. सिद्धेशला म्हटलं, हिला घरापर्यंत सोड रे, गुरुजींना बरं नाही. बघा, तेवढं सुचलं मला.

पुढचं मला सिद्धेशने दुपारी सांगितलं. गुरुजी खाटेवरून खाली पडलेले, दातखिळी बसलेली. जनीने बोटाने तोंड उघडून साखर घातली. ती लाळेबरोबर बाहेर आली, गिळायला माणूस शुद्धीवर कुठे होता? पुन्हा घातली, पुन्हा बाहेर. मिनीडोअरमध्ये आडवं घालून अलिबागला नेलं. वाटभर जनी त्यांच्या तोंडाला साखर लावत होती, पदराने पुसत होती, पुन्हा लावत होती. साडेदहाला गुरुजी गेले. डॉक्टर तिच्यावर ओरडला. अर्धा तास आधी चमचाभर साखर दिली असतीत तर माणूस उठून बसला असता, गप्पा मारल्या असत्या. काय करत होता तुम्ही? तर जनी म्हणाली, "मला झोप लागली. कळलंच न्हाय."

"झोपली मेली," सिद्धेश मला सांगत होता, डोळे पुसत. "भावाला असं झालं आणि ही झोपली." मी शटर ओढून घेतलं. दोन दिवस दुकान उघडलं नाही. आळी म्हणाली, बघा, वैनींना किती लागलं. नागावची माणसं आली, आळीत मयत बघून रस्त्यावरूनच गाडी वळवून गेली. पुन्हा त्यांचा फोन आला नाही.

तिसऱ्या दिवशी मी पिठलं-भात घेऊन जनीकडे गेले. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी द्यायचं असतं. ती मागच्या पडवीत एकटीच बसली होती. मी ताट ठेवलं. काय बोलायचं ते सगळं घरून जुळवून आले होते, तोंडाशी आलं पण होतं, की जने, माझं चुकलं, मी तुला...

ती आधी बोलली. हळूच, दाराकडे बघत. "वैनी, मी कुणाला बोलले न्हाय हं."

माझ्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. खोटं कशाला बोलू. आणि उतरलं तसा संताप आला. कुणी सांगितलं होतं हिला? मी म्हटलं होतं का, लपव म्हणून? आता जन्मभर हिचे उपकार घेऊन फिरायचं का मी? सकाळी सकाळी हिचं तोंड बघायचं आणि आठवायचं?

"तुमच्यावर कशाला बोल," ती म्हणाली. "तुमी तर च्या पण दिलात. माझंच पाऊल असलं. आधी नवरा, मग तुमचे पत्रे, आता दादा. आणि मला आता तुमच्या दाराशिवाय दुसरं हाय कोण?"

तेव्हा मी सांगायला हवं होतं की अगं वेडे, पत्रे वाऱ्याने उडाले. तुझा नवरा कशाने गेला मला माहीत नाही, पण तुझा दादा माझ्यामुळे गेला. एवढंच सांगायचं होतं, जीभ तर माझी चांगली चालते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जेव हो दोन घास. भात निवतोय."

तेराव्याला अख्खी आळी जमली. सगळा किराणा मी पाठवला होता, गुरुजींसाठी म्हणून, पैशाचं नाव काढू दिलं नाही. माजघरात बायका, पडवीत पुरुष. गोदूबाई मधे बसली होती. आळीतली सगळ्यात म्हातारी, जिभेला हाड नाही. जेवणं झाली, सुपारी फिरली आणि तिने विषय काढला.

"जने, मला एक सांग. भाऊ सुई घेतो हे तुला ठावं. रातचा जेवला न्हाय हे ठावं. मग सकाळी तुला जाग कशी आली न्हाय गं?"

"लागली झोप, मावशी."

"झोप कसली लागते? आम्ही पोरी बाळंतपणाला आल्या तर महिना महिना डोळ्याला डोळा लावत न्हाय." बाकीच्या बायका कुजबुजायला लागल्या. कुणी म्हणाली, नशीब फुटकं. कुणी म्हणाली, सख्खा भाऊ ना, मग? जनी खाली मान घालून सारवलेल्या जमिनीवर बोटाने रेघा ओढत होती. एकदाही तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

सिद्धेश पडवीच्या दारात उभा होता. तेरा दिवस त्याच्या डोक्यात काहीतरी फिरत असणार, कारण तो पुढे आला आणि म्हणाला, "पण आत्या, झोपली होतीस तर मी आलो तवा तू वैनींच्या बाकड्यावर..."

सगळ्या बायकांनी माना वळवल्या. सिद्धेशकडे, मग माझ्याकडे. आता हा पुढचं बोलेल, मग गोदूबाई विचारेल कधीपासून, मग कशाला, मग आळीतल्या प्रत्येकीला आपोआप कळेल कशाला, कारण प्रत्येकीला ठाऊक आहे. तीस वर्षांचं नाव एका वाक्यावर आलं होतं.

आणि मी बोलले. मोठ्याने, माझ्या नेहमीच्या फटकळ आवाजात, ज्याच्यासाठी लोक माझ्याकडे येतात.

"ते राहू दे रे सिद्धेश, तू बायकांच्या बोलण्यात पडू नको. जने, मी तुला सगळ्यांच्या देखत सांगते, कारण मागून बोलायची मला सवय नाही. आजारी माणसाच्या उशाशी कुणी झोपतं का गं? देवासारखा भाऊ तुझा. तुला आयुष्यभर सांभाळलंन. आणि तुला चमचाभर साखर वेळेवर देता आली नाही?"

गोदूबाई म्हणाली, "खरं बोलली नूतन." बायकांनी माना हलवल्या. सिद्धेशने तोंड मिटलं आणि पडवीत परत गेला.

जनीने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते की आता तरी ही बोलेल, आता तरी माझ्या झिंज्या धरेल, सगळ्यांसमोर सांगेल, आणि मेली मी सुटेन तरी. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि हात जोडले.

"चुकलं माझं, वैनी," ती म्हणाली. "परत असं न्हाय व्हायचं."